१०६ मिनिटांची मागणी

फॉर्म्युला वनचा ब्राझिलियन चालक आयर्टन सेन्ना याच्यावरचा ‘सेन्ना’ हा माहितीपट १०६ मिनिटांचा आहे. पुण्यात, बुधवार पेठेतल्या आमच्या घरात तो १०६ मिनिटांत कधीच पाहून होत नाही. ही तक्रार किरकोळ वाटत असेल, तर हा माहितीपट कसा घडवला आहे ते आधी समजून घ्यावे.

२०१० साली आसिफ कपाडियाने तो दिग्दर्शित केला आणि मनीष पांडेने लिहिला. दोघेही इंग्लंडमधले, भारतीय वंशाचे. खुर्चीत बसून आठवणी सांगणारे जाणकार यात दिसत नाहीत. जवळजवळ सगळा चित्रपट त्या काळातल्या चित्रणातूनच उभा राहतो: शर्यतींचे प्रक्षेपण, ब्राझीलच्या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती, शर्यतीआधीच्या चालकांच्या बैठका, घरच्यांनी घेतलेली चित्रफीत. बोलणाऱ्याचा नुसता आवाज ऐकू येतो आणि पडद्यावर त्याचे नाव उमटते. सेन्नाच्या घरची माणसे पोर्तुगीज बोलतात, त्याची सबटायटल्स खाली येतात. म्हणजे कान आणि डोळे दोन्ही तिथेच लागतात. क्रिकेटचा सामना चालू असताना पाणी पिऊन आले तरी रिप्ले मिळतो. इथे सुटलेले वाक्य कोणी परत सांगत नाही.

पहिली तक्रार टीव्हीबद्दल. तपकीर गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. एचडीएमआय वायरपासून हरवलेल्या रिमोटच्या जोडीपर्यंत तिथे सगळे मिळते. मिळत नाही तो बरोबर लावून दिलेला टीव्ही. आजकाल बहुतेक टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः तयार केलेली तिसरी चित्रे घुसडतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. मालिका पाहताना कोणाला फरक जाणवत नाही. पण सेन्नाच्या डोक्यामागून मोनॅकोचा रस्ता दाखवणारा तो जुना कॅमेरा हादरतो, कारण गाडीच हादरत असते. त्या हादऱ्यावरून वेग कळतो. टीव्ही तो हादरा पुसून टाकतो आणि गाडी तुपावरून घसरल्यासारखी दिसते. ही सेटिंग बंद करून ठेवली की दोन दिवसांत घरातले कोणीतरी ‘चित्र खराब दिसतंय’ म्हणून ती परत चालू करते. वर ‘झूम’ही लावून ठेवते, म्हणजे सबटायटल्सची खालची ओळ अर्धी कापली जाते. सेन्नाची आई काय म्हणाली ते आमच्या घरात अजून कोणी पूर्ण वाचलेले नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. १९८४ च्या मोनॅकोच्या शर्यतीत पाऊस कोसळत होता. सेन्ना टोलमनसारख्या दुबळ्या संघाच्या गाडीत तेराव्या क्रमांकावरून सुटला होता आणि एकेकाला मागे टाकत दुसऱ्या क्रमांकावर आला होता. पहिल्या क्रमांकावरच्या अ‍ॅलन प्रॉस्टला तो गाठणार, एवढ्यात शर्यत थांबवली गेली. चित्रपटातले पुढचे सगळे वैर या पावसात पेरलेले आहे. त्याच वेळी बाजीराव रस्त्यावरून सायलेन्सर बदललेली मोटारसायकल फटाके फोडत जाते. आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात आणि समालोचक काय म्हणाला ते कळत नाही. त्या मुलाला वेगाची आवड आहे असे मी मानत नाही. त्याला फक्त आवाजाची आवड आहे. सेन्नाच्या इंजिनाचा आवाज हा कामाचा परिणाम होता. या मोटारसायकलचा आवाज हेच तिचे काम आहे, आणि चौकातल्या सिग्नलला तीही सगळ्यांसारखीच उभी राहते.

तिसरी तक्रार प्रश्नांबद्दल. ‘ही गाडी मायलेज किती देते?’ हा प्रश्न आमच्या काकांनी विचारला. प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तरही आहे. १९८८ साली टर्बो इंजिनाच्या गाड्यांना शर्यतीसाठी १५० लिटर इंधनाची मर्यादा होती आणि शर्यत साधारण ३०० किलोमीटरची असे. म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. त्या वर्षी मॅक्लारेनच्या गाडीने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या, त्यातल्या आठ सेन्नाने, आणि तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. हे सगळे मी काकांना आनंदाने सांगितले असते. पण त्यांनी विचारले तेव्हा पडद्यावर १९८९ ची सुझुकाची शर्यत चालू होती. सेन्ना आणि प्रॉस्टच्या गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या, सेन्ना ढकलून घेऊन परत निघाला होता, जिंकला होता आणि नंतर बाद ठरवला जाणार होता. ही कोणत्याही प्रश्नाची वेळ नव्हती.

‘यात खेळ कसला? गाडीच पळते ना!’ हे मेहुण्यांचे म्हणणे. हे म्हणणारे ते एकटे नाहीत. ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तेव्हा हा खेळ की करमणूक यावर उत्तर प्रदेशात कराचा वाद झाला आणि २०१३ नंतर शर्यत झालीच नाही. या प्रश्नाचे उत्तर मी देण्याची गरज नाही, चित्रपट देतो. १९९१ साली साओ पावलोत, स्वतःच्या गावात, सेन्नाचा गिअरबॉक्स बिघडला. शेवटी गाडी सहाव्या गिअरमध्येच अडकली. पावसात, त्या एका गिअरवर त्याने शर्यत जिंकली आणि रेडिओवर जी किंचाळी फोडली ती आनंदाची की वेदनेची हे सांगता येत नाही. दंड आणि खांदे इतके आखडले होते की ट्रॉफी डोक्यावर उचलणेही त्याला जड गेले. ‘खेळ कसला’ हे वाक्य बरोबर त्या किंचाळीवर पडते.

‘आपला याच्याशी काय संबंध?’ असेही विचारले जाते. संबंध आहे. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला. कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तिथल्या कृष्णराज महाडिकने ब्रिटिश एफ थ्रीमध्ये गाडी चालवली आहे. पुण्याचे संजय टकले कित्येक वर्षे आंतरराष्ट्रीय रॅलींमध्ये उतरत आहेत. राष्ट्रीय पातळीवर कार रेसिंगचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला, डायना पुंडोले, पुण्याचीच. तिने ते २०२४ साली मिळवले. ज्या शहरात घरटी दोन-दोन गाड्या आहेत, तिथे गाडी उत्तम चालवण्याबद्दल कुतूहल नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

चौथी तक्रार सगळ्यांत मोठी. चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच कोणीतरी म्हणते, ‘हाच ना तो, शेवटी मरतो?’ हो, हाच. १ मे १९९४, इमोला, टॅम्बुरेलोचे वळण, वय ३४. हे लपवलेले नाही. पण त्या वाक्यामुळे आमच्यापुरता तो दहाव्या मिनिटालाच मेला. पुढचा तासभर तो हसतो, भांडतो, देवाबद्दल बोलतो. यातले काहीही नंतर कोणी जिवंत माणसाचे म्हणून पाहत नाही.

आणि इमोलाचे ते तीन दिवस तर कपाडियाने घाई न करता दाखवले आहेत. शुक्रवारी रुबेन्स बॅरिकेलोची गाडी हवेत उडाली. शनिवारी रोलँड रॅट्झेनबर्गर हा चालक अपघातात गेला. सेन्नाचे मित्र असलेले डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी त्याला सुचवले की आता हे सोडून दे. त्याने सोडले नाही. मग रविवार येतो, त्याचा चेहरा जवळून दिसतो आणि तो काही बोलत नाही. या ठिकाणी आमच्याकडे बेल वाजली. मंडळाची वर्गणी. वर्गणी मी दरवर्षी देतो आणि देतच राहीन. पण पावतीवरचे नाव ‘श्री.’ लावून पुन्हा लिहा, असे सांगण्यात आमच्या घरच्यांनी जो वेळ घालवला, तेवढ्यात टॅम्बुरेलो येऊन गेले.

पाचवी तक्रार शेवटाची. अगदी शेवटी सेन्नाला विचारतात, कोणाशी शर्यत लावण्यात सर्वांत जास्त समाधान मिळाले? तो प्रॉस्टचे नाव घेत नाही. कार्टिंगच्या दिवसांतल्या टेरी फुलर्टनचे घेतो, कारण तेव्हा पैसा नव्हता, राजकारण नव्हते, निव्वळ शर्यत होती. सगळा चित्रपट या उत्तरावर उभा आहे. नामावली सुरू झाली की चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते आणि ‘पुढे हे पाहा’ म्हणून आकडे उलटे मोजले जातात. त्या नामावलीत चित्रफिती शोधणाऱ्या, जोडणाऱ्या माणसांची नावे असतात. याच संकलनाला २०१२ साली बाफ्टा पुरस्कार मिळाला.

सेन्नाच्या मृत्यूनंतर या खेळाने वळणे बदलली, गाड्या बदलल्या, अडथळे बदलले. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१४ साली ज्यूल्स बियांचीचा जीवघेणा अपघात होईपर्यंत, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकाही चालकाचा जीव गेला नाही. एका माणसाच्या मरणातून इतके निघाले. त्याच्यासाठी घराने थोडेसे बदलावे, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. जेवण आधी उरकावे. कपडे गॅलरीतून आधी काढावेत. वर्गणीचे पैसे दाराजवळ ठेवावेत. टीव्हीची झूम आणि गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करावी आणि बंदच ठेवावी. मायलेज, खेळ आणि आपला संबंध या तिन्ही विषयांवर मी नंतर हवे तितके बोलेन, चहाही करीन. शेवटचे नाव वर सरकून जाईपर्यंत मात्र रिमोटला कोणी हात लावू नये.