टॅबवर सही, पण कोणाची?

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी कागदांचा गठ्ठा पुढे येतो. 'इथे, इथे आणि मागच्या पानावर सही करा.' कशासाठी? 'फॉर्मॅलिटी आहे हो!' आता गठ्ठ्याच्या जागी टॅब येतोय. वाक्य तेच राहणार असेल, तर बदललं काय?

कागद जायलाच हवा. कोऱ्या फॉर्मवर आधी सही, ऑपरेशनचं नाव मागाहून, हे उद्योग कागदावरच खपतात. यंत्रणा नीट बांधली, तर रकाना रिकामा असताना ती सहीच घेणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देतो. कायदा आडवा येत नाही.

मग अडतं कुठे?

सही पक्की करणाऱ्या ओटीपीपाशी. तो जातो मुलाच्या मोबाइलवर. आई शुद्धीत आहे, बोलते आहे, पोट तिचं कापलं जाणार आहे. होकार मात्र मुलाचा!

सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न 2008 मध्येच निकाली काढलाय. दुर्बिणीच्या तपासणीसाठी आत नेलेल्या एका सज्ञान स्त्रीचं गर्भाशय, ती भुलीखाली असताना, तिच्या आईच्या होकारावर काढून टाकलं होतं. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर आईचाही होकार चालणार नाही. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबा. सॉफ्टवेअर बांधणाऱ्याला हे कोणी सांगितलंय का?

आता भाषा. वैयक्तिक माहिती वापरण्याची संमती मागताना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेचा पर्याय द्या, असं 2023 चा डेटा संरक्षण कायदा सांगतो. त्यात मराठी आहे. म्हणजे मोबाइल नंबर वापरायला मराठीत विचारायचं आणि पित्ताशय काढायला इंग्रजीत?

फॉर्म आदल्या दिवशी रुग्णाच्याच मोबाइलवर पाठवा. वाचता येत नसेल तर ऐकवा. मोबाइलच नसेल, तर डॉक्टरांनी खाटेशी बसून सांगावं. (तेवढा वेळ नाही म्हणता? मग तारीख पुढे ढकला.) समजावलं कोणी, किती वाजता, कोणत्या भाषेत, हे नोंदवा. आणि होकार मागे घ्यायचं बटण सहीच्या बटणाएवढंच मोठं ठेवा.

हे खर्चिक वाटत असेल, तर रुग्णालयांनी एक हिशेब करावा. सात पानं वीस सेकंदांत उलटली, हे कागदाने कधीच कुणाला सांगितलं नाही. सर्व्हर सांगू शकतो, सेकंदासकट. ग्राहक आयोगात रुग्णाचा वकील सगळ्यात आधी तीच नोंद मागेल.