4141 चा दादा

कोल्हापुरात गाडीचा नंबर वाचायचा नसतो, ओळखायचा असतो. निदान परवापरवापर्यंत तसंच होतं. आरटीओच्या दप्तरी 4141 म्हणजे चार हजार एकशे एकेचाळीस; दसरा चौकात आला की तो ‘दादा’. 4 च्या डोक्यावर रेघ ओढायची, पाय जरासा मुरडायचा, झाला द. 1 तर जन्मजात काना. 214 चा ‘राम’ व्हायचा, आणि तिथं तोच 4 निमूटपणे म होऊन बसायचा. एकाच आकड्याला दोन अक्षरांच्या नोकरीला लावणारी ही कला कुठल्या कलाशाळेत शिकवत नाहीत. पण ज्या गावात बाबूराव मेस्त्रींचं आडनावच ‘पेंटर’ होऊन बसलं, तिथं ती रेडियमच्या टपरीवरही नांदते.

सरकारला यात कला दिसत नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या पाटीवरचं अक्षर 65 मिलिमीटर उंच, रेघ 10 मिलिमीटर जाड आणि दोन अक्षरांमधली फटही 10 मिलिमीटर. वेलबुट्टीचं माप कुठंच दिलेलं नाही, कारण वेलबुट्टी मुळात नकोच आहे. आता तर 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही होलोग्रामवाली ॲल्युमिनियमची पाटी सक्तीची झाली. आकडे पत्र्यातूनच दाबून उठवलेले, आणि एकदा बसवली की न निघणारं लॉक. एमएच 09 च्या पुढं जे काही असेल ते मुकाट्यानं आकडाच राहणार.

या सरळसोट अक्षरांचं थोरलं घराणं जर्मनीत आहे. सत्तरच्या दशकात तिथं अतिरेकी गाड्यांच्या पाट्यांवर काळी रेघ ओढून P चा R आणि 3 चा 8 करत. म्हणजे आमच्या टपरीवरचाच उद्योग, हेतू तेवढा वाईट. मग कार्लगेऑर्ग होएफर या सुलेखनकाराला बोलावून एक अक्षरमाला बनवायला घेतली. त्यात अक्षरांना जवळजवळ एकच रुंदी, 47.5 मिलिमीटर, आकड्यांना 44.5. शून्याला वरच्या बाजूला एक चीर, म्हणजे त्याचा O करता येऊ नये. आयुष्यभर डौलदार वळणं गिरवलेल्या माणसानं मुद्दाम ओबडधोबड अक्षरं काढली, आणि 2000 पासून नव्या पाट्यांना ती बंधनकारक झाली. मला होएफरबुवांबद्दल जरा वाईटच वाटतं.

एकाच रुंदीची अक्षरं म्हणजे पंगतीतले पाट. पैलवान बसो की पाचवीतलं पोरगं, पाट तेवढाच. इंग्रजीत M अंग चोरून बसतो आणि i बिचारा हातपाय पसरून पाट भरल्याचं सोंग करतो. देवनागरीला ही पंगत कधीच मानवली नाही. मराठी टाइपरायटरवर ण काढायचा तर अर्धा ण मारून वर काना द्यावा लागे. स्वारीला दोन पाट लागत. र मात्र एकावरच समाधानी. उकार-मात्रांना तर पाटच नव्हता. त्या उभ्यानंच जेवत.

तरीही हे ठोकळे आम्हाला आवडत नाहीत असं कुणी म्हणू नये. रात्र जागून परदेशातल्या साहेबासाठी प्रोग्राम लिहिणारी गल्लीतली पोरं मोनॅको नाहीतर कन्सोलास या एकाच रुंदीच्या फॉन्टशिवाय बसत नाहीत. शून्य आणि O यांत घोळ झाला की त्यांची सकाळ होते. पण त्यांचं सोडा. जिल्ह्यात या अक्षरांचा खरा वाचक म्हणजे ऊस घालणारा शेतकरी. साखर कारखान्याच्या काट्यावर डॉट मॅट्रिक्स किरकिरत पावती ओकतो: भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ ऊस. आकड्याखाली आकडा, टिंबाखाली टिंब, त्यामुळं वजाबाकी नुसत्या नजरेनं तपासता येते. काटामारीच्या संशयावर ज्या भागात आंदोलनं झाली, तिथं ही सोय लहान नाही. चष्मा पुसून पावती वाचणाऱ्या त्या माणसाच्या ट्रॅक्टरकडं मात्र वळून बघा. ट्रॉलीच्या फळकुटावर ‘नाद खुळा’ असं लिहिलेलं, की एकट्या न च्या शेपटीला हातभर जागा, आणि ळ च्या दोन्ही पोटांत गुलाबाची फुलं. पैशाचं अक्षर सरळ पाहिजे, नावाचं झोकात, हा हिशेब इथं कुणाला शिकवावा लागत नाही. पावतीवरच्या 8 ला कुणी अशी फुलं काढली असती, तर त्या रात्री कारखान्यापुढं सभाच झाली असती.

नव्या पाट्या आल्यावर मी ओळखीच्या रेडियमवाल्याकडं जरा सांत्वनाच्या तयारीनंच गेलो. म्हटलं, “आता धंदा बसला की रे तुझा.”

“बसतोय कशाला काका? पाटी सरकारची, काच आपली हाय की!”

बघतो तर खरंच. समोर एका जीपच्या मागच्या काचेवर तो ‘दादा’ चिकटवत होता. द च्या शेपटीवर वाघ होता. 4 च्या आडून बोलायची गरजच संपली होती. इकडं सरकारी पाटीसाठी मुदतीमागून मुदत वाढवून द्यावी लागली. दुचाकीला जीएसटी सोडून 450 रुपये, तरी मंडळी कुरकुरत होती. टपरीपुढं मात्र चार गाड्या नंबर लावून उभ्या होत्या, आणि वाघाचे वेगळे पैसे पडतील म्हटल्यावर त्यातला एकजण विचारत होता, “दोन वाघ बसतील काय?”