जागा सांगूची नाय

(मालवणची दांडी. मच्छीमारांसाठी भरवलेला तटरक्षक दलाचा मेळावा आटोपलाय, खुर्च्या उचलणं चालू आहे. वाळूत काठीने काहीबाही काढत बसलेला एक अधिकारी, समोर एक तांडेल, जरा मागे टोपली घेऊन तांडेलीण.)

अधिकारी : समजा काका, तुमचा खलाशी पाण्यात पडला. १५५४ ला फोन गेला. आम्ही पहिलं विचारणार, कुठे पडला?

तांडेल : दर्यात.

अधिकारी : दर्या मोठा आहे हो.

तांडेल : ता तुमी माका सांगतास?

अधिकारी : म्हणून तर जागा विचारतोय.

तांडेल : जागा सांगूची नाय. काल थय सरंगो गावलो. आज तुमका सांगलंय तर सांजेक सर्जेकोटात बोभाटो.

तांडेलीण : माका पण सांगणत नाय. जीपीएसार टॉवेल घालून ठेवतत.

अधिकारी : बरं, अंदाजे?

तांडेल : निवती रॉकच्या भायर. धा मैलांत खय तरी.

अधिकारी : (वाळूत दोन गोल काढतो.) जागेत २ सागरी मैलांची चूक धरली, तर शोधायचं पाणी साडेबारा चौरस मैल. १० मैलांची धरली, तर ३१४. पंचवीस पट! हेलिकॉप्टर ९० नॉटने, अर्ध्या अर्ध्या मैलाच्या पट्ट्या धरून गेलं, तर लहान गोल पाऊण नव्हे, पाव तासात होतो. मोठ्याला सात तास. आमचं चेतक हेलिकॉप्टर तेवढा वेळ हवेत राहतच नाही.

तांडेल : म्हंजे वरसून नांगरट करतास. जावचा, वळाचा, येवचा.

अधिकारी : जागा धड माहीत नसली की नांगरट. बऱ्यापैकी माहीत असली तर चौकोन. मधून सुरुवात, अर्धा मैल सरळ, उजवीकडे वळून अर्धा, मग एक-एक, मग दीड-दीड, असं बाहेर बाहेर. आणि जागा नक्की असली तर त्रिकोण. तिथे धुराचा तरंगता डबा टाकायचा. त्याच्यावरून सरळ निघायचं, उजवीकडे १२० अंश वळायचं, तेवढंच जायचं, परत १२० अंश, की पुन्हा डब्यावर.

तांडेल : डबो काय थय रवतलो? पाण्याची ओढ कसली आसा!

अधिकारी : जाऊ दे ना वाहत. माणूसही त्याच ओढीने चाललाय.

तांडेल : आणि होडी?

अधिकारी : रिकामी होडी वारा धरते. थोड्या वेळात माणूस एकीकडे, होडी भलतीकडे. फारकतच.

तांडेलीण : ह्येंची नि होडयेची? होवची नाय. माझी झाली तर झाली.

तांडेल : तू गप रव. सायबानु, इतक्या वरसून माणूस दिसता तरी?

अधिकारी : माणूस कसला, डोकं दिसतं. काळं डोकं आणि लाटेची सावली, वरून दोन्ही सारखंच. नारिंगी जॅकेट मात्र दिसतं. तुमचं कुठाय?

तांडेल : आसा मां, होडयेत.

तांडेलीण : मळात म्हणान पिशयेतसून भायर काढूक नाय. उशाक घेतत.

तांडेल : (विषय बदलत) २०१७ चां ओखी वादळ आठवता? केरळ-तामिळनाडच्यो बोटी देवगडाक इल्यो. घरचे थय वाट बघीत, नि माणसां हय आमच्याकडे. तुमचो चौकोन काय करतलो थय?

अधिकारी : काही नाही. म्हणून तर किती वाजता निघालात, कुठल्या अंगाला गेलात, येणार कधी, एवढं घरी माहीत हवं. मग जायच्या वाटेवरून एक फेरी, बाजूने परतीची दुसरी, असं तरी लगेच सुरू करता येतं. जागा मला सांगू नका. कागदावर आकडे लिहा, घडी घाला, काकींकडे द्या. परत आलात की चुलीत.

तांडेल : हिच्याकडे? घडी मोडल्याबिगर रवात ही?

तांडेलीण : माका काय करूचो तुमचो सरंगो! पैशे तेवढे हय येवंदेत.

तांडेल : (बराच विचार करून) बरां, लिवतंय. पण आकडो एक मैल चुकवन लिवतलंय.

अधिकारी : खुशाल चुकवा, काका. एका मैलाची चूक म्हणजे जेमतेम तीन चौरस मैल पाणी. पाच मिनिटांचं काम.