मॅनेजरसाहेबांचं वेळापत्रक

विंचूरच्या तीन पाटीवर सकाळी सकाळी चहाच्या टपरीशी बगलेत ड्रॉइंग शीटची गुंडाळी धरून जो पोरगा उभा असतो, त्याला गाव ‘मॅनेजरसाहेब’ म्हणतं. अजून तो कशाचाच मॅनेजर नाही. बी. कॉम. झालाय आणि कॅटचा अभ्यास करतो. म्हणजे अभ्यास कसा करायचा याचा अभ्यास करतो. या विषयात त्याचा हात धरणारा अख्ख्या निफाड तालुक्यात सापडायचा नाही.

शीटवर गणित जांभळ्या स्केचपेननं, इंग्रजी हिरव्यानं, आकडेवारी आणि तर्काची कोडी लाल रंगात. कॅटचा पेपर दोन तासांचा, भाग तीन, प्रत्येकाला 40 मिनिटं. म्हणून त्यानं सगळा दिवसच 40-40 मिनिटांच्या वाफ्यांत पाडलाय. वाफ्याबाहेर पाणी जाऊ द्यायचं नाही, असा दंडक. अंघोळीलाही 40 मिनिटं दिलेली बघून आई म्हणाली, “अरे, तू काय म्हैस आहेस का?”

शीटच्या उजव्या कडेला एक बारीक रकाना असतो, ‘इतर’ नावाचा. बाकीचे रकाने मुकाट खपतात ते यातच. कॅट येते नोव्हेंबरच्या अखेरीला. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेत तेव्हा डिपिंग, विरळणीची घाई. त्यात अवकाळी आभाळ आलं की डाउनीच्या धास्तीनं फवारणी. लाल कांदाही तेव्हाच निघायला लागतो. परीक्षा घेणाऱ्या आयआयएममध्ये एकाही माणसाला कांदा ठाऊक नसावा, असं त्याचं मत आहे, आणि ते खोडून काढणं मला तरी जमलेलं नाही.

शेतीपंपाची लाइट एका आठवड्याला दिवसा, दुसऱ्याला रात्री. म्हणून शीटही दोन. रात्रीच्या आठवड्यात तो मोटरीपाशी खाट टाकून मोबाइलवर मॉक टेस्ट लावतो. तिसऱ्या प्रश्नाला फ्यूज उडतो. मग गमबूट, बॅटरी, शेजारच्या शिवारात हाका. परत येईस्तोवर पेपर आपोआप जमा झालेला. दुसऱ्या दिवशी टपरीवर निकाल जाहीर होतो: “परसेंटाइल कमी पडलं, पण एक पट्टा भिजला.”

गणित कच्चं आहे, असं तो स्वतःच सांगतो. पुस्तकातला गवळी दुधात पाणी ओतायला लागला की याच्या कपाळावर घाम. त्याच्याबरोबर एकदा मी विंचूरच्या उपबाजारात गेलो होतो. पिकअपमधल्या कांद्याला 1,750 ची बोली लागली, काट्यावर माल भरला 22 क्विंटल 40 किलो. दिवाणजीचं बोट कॅल्क्युलेटरवर टेकायच्या आत हा म्हणाला, “एकोणचाळीस हजार दोनशे. हमाली, तोलाई वजा करून सांगू?” हेच पुस्तकात विचारलं असतं, तर त्यानं आधी त्यासाठी जांभळा वाफा आखला असता.

ही गोष्ट मी त्याच्या नानांना सांगितली. ते म्हणाले, “त्याला भाव सांगायचा, प्रश्न नाही विचारायचा.”

दुसऱ्यांची कामं मात्र तो बसल्या जागी मार्गी लावतो. कोणाचा ट्रॅक्टर कुठल्या दिवशी मोकळा, विरळणीच्या बायका कोणत्या बागेतून कोणत्या बागेत न्यायच्या, लासलगावला गाडी आज न्यावी की परवा, सगळं तोंडपाठ. भावकीतल्या एका लग्नात याच्या कागदाबरहुकूम पंगती उठल्या आणि मुहूर्त चक्क वेळेवर लागला. म्हातारी माणसं अजून त्याबद्दल अविश्वासानं बोलतात.

यंदाही कॅट बुडाली. त्याची लाज वगैरे काही नाही. हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव. 1761 साली पानिपतावर एवढं रण झालं, त्यातून ते जिवंत परत आले. मोहिमेवरून माघारी येण्याला इथं कोणी फार नावं ठेवत नाही.

आता साहेबांनी राज्याच्या एमबीए सीईटीकडे मोर्चा वळवलाय. जमनालाल बजाज नाही तर सिडनहॅम, अशी पसंतीही शीटच्या वरच्या कोपऱ्यात चौकट करून लिहून झाली. 200 प्रश्न, 150 मिनिटं. “म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट,” तो ओट्यावर बसून समजावत होता. “आणि नाना, मुख्य म्हणजे चुकलं तरी मार्क कापत नाहीत. कॅटला एक जातो.”

नाना पिंपात औषध ढवळत होते. “द्राक्षाला अशी योजना कधी निघणार रे?” त्यांनी विचारलं. मग जरा थांबून, “परीक्षा कधी आहे म्हणालास?”

“मार्च-एप्रिलकडे.”

“म्हणजे उन्हाळ कांदा काढायला.”

साहेबांनी पट्टी शोधली, आणि ‘इतर’चा रकाना दोन बोटं रुंद केला.