सर्वांची पद्मिनी

पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवी कोरी जर्मन गाडी आणून उभी केली तर शेजारी तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. बघितलं तर किंमत विचारावी लागेल, आणि विचारली तर ऐकून घ्यावी लागेल. पण तिथंच एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी उभी करा आणि बॉनेट वर करा. पाच मिनिटांत तीन माणसं जमतात, दहाव्या मिनिटाला त्यांच्यात मतभेद होतात आणि पंधराव्या मिनिटाला त्यांच्यापैकीच कुणीतरी तुम्हाला म्हणतं, "अहो, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

आमची पद्मिनी १९७५ ची, माझ्या सासऱ्यांची. कऱ्हाडच्या घरामागच्या शेडमध्ये त्यांनी ती अनेक वर्षं जपून ठेवली होती. म्हणजे गाडीवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर कोंबड्या. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मेहुण्याने जागा घेतली आणि आमच्या हिने गाडी. "बाबांची गाडी भंगारात जाणार नाही," असं तिने सर्वांसमक्ष जाहीर केलं. ती भंगारात जाऊ नये म्हणून जे काही करायचं, ते मात्र जावयाने करायचं, हे जाहीर न करताच ठरलं. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकल्यावर मीही ठरवलं, रविवारचा वेळ असतोच, हळूहळू आपणच करू.

या निर्णयात तसं वेडेपण काहीच नव्हतं. पद्मिनी ही घरच्या घरी उघडता येईल अशी गाडी आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवर. कॉलेजातल्या पोरांच्या काही मोटरसायकली आज याहून जोरकस असतात. एक कार्बोरेटर, ठिणगी वाटून देणारा एक डेलको, एक पेट्रोल पंप. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. सगळं डोळ्यांना दिसतं आणि हात घालायला जागा आहे. खरी अडचण इथंच सुरू होते. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि भलेभले गप्प बसतात. पद्मिनीत सगळ्यांना सगळं दिसतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं कळतं.

त्यातून ही गाडी कधी कुणा एकाची नव्हतीच. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागली. आधी ११००, मग डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचं दिलं, तरी लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. त्या काळी गाडी घ्यायची तर अँबॅसिडर, फियाट, नाहीतर स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. यायची ती एकाच्या दारात, पण व्हायची आख्ख्या आळीची. नवरदेव तिच्यातूनच जायचा, बाळंतीण तिच्यातूनच यायची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं, मागे चौघं, आणि मांडीवरची मुलं धरायचीच नाहीत. बॅटरी बसली की हीच मंडळी खाली उतरून धक्का मारायची. आणि ज्या गाडीला माणसाने एकदा धक्का मारला, तिच्यावर त्याचा जन्मभराचा हक्क राहतो. आमच्या सोसायटीत असे हक्कदार प्रत्येक मजल्यावर निघाले.

पहिला प्रश्न पत्र्याचा. वरून गाडी बरी दिसत होती, पण जुन्या गाडीच्या रंगावर विश्वास ठेवू नये. पत्रा कुठे आहे आणि कुठे नुसती पुट्टी भरलेली आहे, हे लोहचुंबक लावून कळतं. आमच्या फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मी खाली आणली. बॉनेटवर स्ट्रॉबेरी टक्कन चिकटली. मडगार्डवर चिकटली. दाराच्या खालच्या बाजूला लावली आणि घसरून जमिनीवर पडली. जमलेल्या मंडळींनी "अरेरे" केलं. मग प्रत्येकाने आपल्या हाताने स्ट्रॉबेरी लावून पाहिली. मी लावली म्हणून पडली असेल, अशी शंका होती. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी तर वर जाऊन गणपतीपुळ्याचं कासव घेऊन आल्या. तेही पडलं, तेव्हा कुठे निदान मान्य झालं. पॉलिश पेपरने घासल्यावर पांढऱ्याखाली फिकट निळा, निळ्याखाली करडा आणि करड्याखाली लाल असे थर निघत गेले. "लाल म्हणजे प्रायमर," मी म्हणालो. "लाल म्हणजे गंज," असं बहुमत पडलं.

मग हत्यारांचा प्रश्न आला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे पूर्वी अँबॅसिडर होती. गाडी विकली, पण पान्यांचा संच त्यांनी तेल लावून कापडात गुंडाळून ठेवला होता, तो ते मोठ्या प्रेमाने घेऊन आले. फियाटचं कूळ इटलीचं, तिचे नट मिलिमीटरचे. अँबॅसिडर विलायतेच्या मॉरिसची, तिचे पाने इंचांचे. अर्ध्या इंचाचा पाना तेराच्या नटावर चढत नाही आणि त्याच्या पुढचा चढवला तर नटाचे कोपरे खातो. हे काकांना सांगणं म्हणजे त्यांच्या तारुण्यावर शंका घेणं. शेवटी ही म्हणाली, "काका, तुम्ही नुसते सांगा, हे करतील." काका खूश झाले आणि प्लास्टिकची खुर्ची आणून तिच्यात कायमचे बसले.

मागच्या पाट्याच्या यू-बोल्टचा एक नट काही केल्या हलेना. यावर जी चर्चा झाली तेवढी आमच्या पाणीटंचाईवरही झाली नव्हती. एकाने डिझेल सांगितलं, एकाने कोकाकोला, एकाने गोडेतेल. एका निवृत्त प्राध्यापकांनी धातूंच्या प्रसरणावर बोलायला घेतलं आणि ते बाष्पयंत्रापर्यंत पोचले. हे सगळं वॉचमनमामा लांबून बघत होते. मामा उदगीरकडचे, ट्रॅक्टरवर आयुष्य गेलेलं. ते आले, नटाच्या सहाही अंगांवर हातोडीने बारीक टोले दिले, पाना लावला आणि म्हणाले, "आदी जरासा आवळा साहेब. मंग सुटतंय." सोडायचा नट आधी आवळायचा, हे प्राध्यापकांना पटेना. पण आवळताना गंजाची पकड तुटते. कुर्र असा आवाज झाला, तपकिरी भुकटी खाली पडली आणि नट फिरला. त्या संध्याकाळी डिझेलवाले म्हणत होते डिझेलनेच सुटला, कोकाकोलावाले म्हणत होते मुरायला वेळ लागतोच. मामा गेटवर जाऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सेक्रेटरींच्या सहीची नोटीस लागली : 'पार्किंगमध्ये वाहन दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. पद्मिनीसंबंधी सूचना असल्यास रविवारी सकाळी ९ ते ११ या वेळेतच द्याव्यात.'

सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथा घातला. एकेकाळी हे भाग मिळणं अजिबात अवघड नव्हतं, कारण मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने हजारो पद्मिनी धावत होत्या. टॅक्सी रोज मोडायची, म्हणून दुकानात रोज माल यायचा. पण २००० च्या सुमाराला गाडी बनायची थांबली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपताना तीही रस्त्यावरून गेली. आता दुकानदार जुना तुकडा हातात घेतो, उलटसुलट करतो आणि आधी आपल्या वडिलांच्या फियाटची गोष्ट सांगतो. गोष्ट जेवढी लांब तेवढा भाग दुर्मिळ, असं समजावं.

जुन्या बाजारात प्राध्यापक माझ्याबरोबर आले होते, कारण घासाघीस आपल्याला छान जमते असं त्यांचं म्हणणं होतं. एका फाटक्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, बंद घड्याळं आणि पितळी अडकित्ते यांच्यामध्ये पद्मिनीच्या दाराचं हँडल पडलेलं मला दिसलं. मी मुद्दाम अडकित्त्याची किंमत विचारत होतो. तेवढ्यात प्राध्यापक ओरडले, "अहो, हेच ते! हेच नव्हतं का आपण कधीचं शोधत!" विक्रेत्याने हँडल उचललं, बाहीला पुसलं आणि अडकित्त्याशेजारून काढून स्वतःच्या मांडीवर ठेवलं. पुढचे व्यवहार सांगण्यासारखे नाहीत.

अखेर एका रविवारी, ९ ते ११ याच वेळेत, चोकचं बटण ओढून गाडी सुरू झाली. धूर पार दुसऱ्या मजल्यावरच्या वाळवणापर्यंत गेला, पण टाळ्याही तिथूनच आल्या. सोसायटीला फेऱ्या मारून गाडी गेटपाशी आली आणि उन्हात बंद पडली. क्षणात तिन्ही मजले म्हणाले, "व्हेपर लॉक!" हा या गाडीचा राष्ट्रीय आजार. पेट्रोल पंप इंजिनलाच लागून असतो. इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती पुढे ढकलू शकत नाही. प्रत्येकाकडे खंडाळ्याच्या घाटातली आपापली आठवण तयार होती. त्या आठवणी रंगात आलेल्या असताना आमची ही आली, पदर खोचला, ओलं फडकं नेमकं पंपावर ठेवलं आणि वरून तांब्याने बारीक धार धरली. "घाटात तांब्या घेऊन उतरायची ड्युटी माझीच असायची," ती म्हणाली. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. डेलकोवर एक थेंबही उडाला नव्हता. तेव्हापासून रविवारच्या बैठकीत तिचा शब्द शेवटचा असतो.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जन्मभर निर्व्यसनी राहिलेल्या गाडीला पन्नाशीत आपण उसाची पाजतो आहोत. तिच्या जुन्या रबरी नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला ती मानवत नाही, म्हणून नळ्या आणि पडदा दोन्ही नव्या प्रकारचे बसवले. आमच्या एका कोल्हापूरच्या शेजाऱ्यांनी मात्र इथेनॉलविषयी वाईट ऐकून घेतलं नाही. त्यांचा ऊस कारखान्याला जातो.

राहिला रंग. गाडीने पन्नाशी ओलांडल्यामुळे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, फी वीस हजार, आणि रोजच्या वापराला ती काढायची नाही. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात हवी. ही अट ऐकून एसी, अलॉय व्हील आणि स्पीकर सुचवणारे गप्प झाले आणि सगळा जोर रंगावर आला. कऱ्हाडच्या जुन्या फोटोंचा आधार घ्यावा, तर ते सगळे कृष्णधवल. सेक्रेटरींनी हा मुद्दा वार्षिक सर्वसाधारण सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात घेतला. लिफ्टच्या दुरुस्तीला चार मिनिटं लागली, पद्मिनीला दीड तास. पांढरा की फिकट निळा यावर हात वर झाले. वॉचमनमामांना मत असावं का, यावर उपसूचना आली आणि ती एकमताने मंजूर झाली. हिच्या एका वाक्यानंतर फिकट निळा ठरला.

शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काही म्हणायचंय का?" मी म्हणालो, रंगाचा खर्च कोणी करायचा तेवढं ठरवून टाकू. सभेत शांतता पसरली. माझा प्रश्न 'सदस्यांनी मांडलेल्या इतर सूचना' या सदरात नोंदवण्यात आला, आभारप्रदर्शन झालं, आणि मंडळी चहासाठी पार्किंगमध्ये गेली. कप ठेवायला बॉनेट होतंच.