मोंढ्यातला मुक्त बाजार

लातूरच्या आडत बाजारात आणि नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो. अट एवढीच, की तो चढता कामा नये. 2021 मध्ये चढला, तेव्हा ऑगस्टात दिल्लीने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करू दिली (तेच बियाणे इथे पेरले तर गुन्हा) आणि डिसेंबरात सेबीने वायदेच थांबवले. भाव पडला की मात्र सरकारची बाजारावर श्रद्धा बसते. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. खरेदी केंद्रावर मूठभर दाणे ओलावामापकात पडतात, आकडा 12 टक्क्यांच्या मर्यादेपुढे जातो, पोती पुन्हा ट्रॅक्टरवर चढतात. 2024 च्या विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर ही मर्यादा 15 टक्के झाली.