चि. हायलाइट यास अनावृत पत्र



पत्रास कारण की, तू घराण्याचं नाव काढलंस. आपल्या कंपोनंट लायब्ररीत बटण आहे, तक्ता आहे, तारखा निवडायचं कॅलेंडर आहे. पण डेमोत टाळ्या पडल्या त्या तुलाच. शोधाच्या चौकटीत दोन अक्षरं टाकली की पानभर पिवळंधमक! मीही टाळ्या वाजवल्या, बाप म्हणून जरा जास्तच. आता तक्रारी चारचौघांतून येऊ लागल्या आहेत, तेव्हा पत्रही चारचौघांसमोरच लिहितो.

आधी तुझ्या पिवळ्याबद्दल. आपल्याकडे हाताने पोथ्या लिहीत, तेव्हा चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत. हरताळही पिवळीच. ती फासली की अक्षर रद्द. 'नियमांना हरताळ फासला' हे आपण अजून म्हणतो ते त्यावरूनच. तू आधुनिक, तुझं पिवळं लक्ष वेधण्यासाठी, असं मी समजत होतो. परवा कळलं की तू परंपरा सोडलेली नाहीस.

परवा चाचणीला एक अंध गृहस्थ आले होते. ते एनव्हीडीए वापरतात. हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर स्वतः अंध असलेल्या मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली लिहायला घेतला आणि फुकट वाटला. गृहस्थांनी शब्द टाईप केला, थांबले, आणि शांतपणे विचारलं, "मग? सापडला का?" आम्ही चौघे डोळस एका सुरात म्हणालो, "हा काय, इथे!" आणि चौघांनीही पडद्याकडे बोट दाखवलं. त्या चार बोटांमध्ये एक बोट माझं होतं, हे तुला सांगायला मला लाज वाटते.

तू गप्प राहिलास यात तुझा दोष नाही. एचटीएमएलमध्ये याच कामासाठी 'मार्क' नावाचं चांगलं घराणं असताना मी जन्मदाखल्यावर तुझी नोंद 'स्पॅन' अशी केली. स्पॅन म्हणजे ज्याला अर्थ नाही, फक्त कपडे आहेत. चूक दुरुस्त करून तुला मार्क केलं, तर कळलं की काही स्क्रीन रीडर मूळ सेटिंगमध्ये मार्कचाही उच्चार करत नाहीत. मग मी उत्साहाने प्रत्येक पिवळ्या शब्दाआधी 'हायलाइट सुरू' आणि नंतर 'हायलाइट संपला' असा न दिसणारा मजकूर घातला. एका पानावर शब्द ४० वेळा आला होता. म्हणजे ८० घोषणा. गृहस्थांनी सहा-सात ऐकल्या आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. वरातीतला बँड बरा, तो निदान पुढच्या चौकात जातो.

आता ठरलं आहे ते असं: शोध लागला की 'या पानावर ४० ठिकाणी सापडले' एवढं एकदाच बोलायचं, आणि पुढच्या जागी जायला एक बटण द्यायचं. ती सुरू-संपलाची दवंडी फक्त जिथे खूण हाच अर्थ आहे तिथे, म्हणजे करारातलं बदललेलं कलम किंवा संपादकाने खूण केलेलं वाक्य. बाकी वेळी मौन पाळ.

रंगाचं थोडक्यात. पिवळ्यावर काळं अक्षर म्हणजे १९.५ ला १ असा फरक, किमान ४.५ ला १ हवा या सुगम्यतेच्या नियमाच्या चौपटीहून जास्त. त्यावर तू छाती फुगवलीस. पण मी तुला फक्त मागचा रंग दिला होता, अक्षराचा दिलाच नव्हता. रात्रीच्या काळ्या थीममध्ये अक्षर पांढरं झालं आणि पिवळ्यावर पांढरं म्हणजे १.०७ ला १. दिवसा साधू, रात्री भुताटकी. यापुढे दोन्ही रंग जोडीनेच घालायचे. आणि नुसत्या रंगावर विसंबायचं नाही, खाली रेघही हवी.

खरं दुखणं वेगळंच आहे. तू मराठी घरात जन्मलास आणि तुला मराठी वाचता येत नाही. इंग्रजीत मोठी लिपी-छोटी लिपी सांभाळली की तुझं भागतं. आपल्याकडे एका पानावर कुणी 'कर' शोधला. घरपट्टीच्या काळजीत असेल बिचारा. तू त्याला 'कर्ज' काढून दिलंस! साठवणीत कर्ज म्हणजे क, र, हलन्त आणि ज. तुला पहिले दोन जुळले की आनंद. वर तू स्वतःच्या दोन्ही कडांना दोन-दोन पिक्सेलची ऐसपैस जागा ठेवतोस, त्यामुळे जोडाक्षर मधोमध फाटतं, ज वरचा रफार उतरतो आणि हलन्ताचा पाय ठिपक्यांच्या गोलाला लोंबकळत राहतो. 'करा'चंही तेच: कर पिवळा, काना परका. 'किती'मध्ये नुसता क शोधला तर आणखी मौज. तिथली वेलांटी लिहिली जाते क नंतर, दिसते क आधी. आता तूच सांग, रंगवणार काय?

म्हणून दोन नियम. पुढे काना-मात्रा असेल तर ती पोटात घेऊन पूर्ण अक्षर रंगव. पुढे हलन्त असेल तर ते तुझं पाहुणं नाही, सोडून दे. युनिकोडने १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली, देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आणला. तोवर तुझ्यासारखे अनेक मोकाट होते, हे तुझं समर्थन नव्हे. आणि 'ॲप' शोधताना लक्षात ठेव, ॲ दोन जातींचा असतो: एक २००८ सालच्या युनिकोड ५.१ मधला एकसंध, दुसरा अ वर चंद्र ठेवून केलेला. डोळ्यांना जुळे, यंत्राला अनोळखी, आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही त्यांची गाठ पडत नाही. दोघांना तू स्वतः ओळख. 'पाऊस' शोधल्यावर 'पावसात' सापडत नाही, याबद्दल मात्र मी तुला काही म्हणत नाही. ते दहावीच्या मुलांनाही जड जातं.

प्रकृतीस जप. बटणाला आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. कडेभोवती एक पारदर्शक रेघ लावून दिली आहे. नेहमीच्या पडद्यावर ती दिसत नाही, म्हणून कुणीतरी साफसफाईच्या नादात ती काढायला येईलच. काढू देऊ नकोस. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्टमध्ये आपण दिलेले रंग बाजूला सारले जातात, तेव्हा ती रेघ उमटते. सदऱ्याच्या आत ताईत असतो, तशी राहू दे.